दव सुकू द्या, मग वेचणी



हा अंक जिल्हा बैठकीत तुमच्या हाती पडेल तेव्हा पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू असेल आणि रब्बी ज्वारी पोटरीत आलेली असेल. अशा वेळी या जागी भावाबद्दल, आयातीबद्दल, सीसीआयच्या केंद्रावरच्या रांगेबद्दल लिहायचे, हा आपला शिरस्ता. या खेपेला तान्ह्या लेकरांच्या थंडीबद्दल लिहितो आहे. काही जण म्हणतील, हा विषय बायकांचा. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. हा विषय कापसाचाही आहे.

गेल्या वर्षी पौषात पालघर जिल्ह्यातल्या केळव्याला जाणे झाले. समुद्रकाठचे गाव. सुरूची झाडे, नारळी-पोफळी, पानवेलीच्या वाड्या. आपल्याकडच्या माणसाला तिथली थंडी थंडीच वाटत नाही. पण पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो अंगात शिरतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्याकडे बारा दिवसांची नात होती. सकाळी नऊ वाजेपर्यंत ते पोर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, डोक्याला टोपडे आणि वरून गोधडी, असे पडून होते. अंघोळ दुपारी एकच्या उन्हात, पाच मिनिटांत उरकली आणि लगेच कोरड्या कापडात घेतले. पहाटेची अंघोळ नाही, बाजेखाली शेगडी नाही, धुरी नाही. मी आजीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, आशाताई सांगून गेली आणि मला पटले. आशाताईने सांगणे आणि सासूला पटणे, या दोन गोष्टी एका घरात क्वचित जुळतात.

त्याच केळव्यात शितलादेवीचे देऊळ आहे. आपल्या भाषेत एका रोगाचे नावच 'देवी' होते. पोराला देवी आल्या की माणसे हात जोडून बसत. जगले तर तिची कृपा, गेले तर तिचा कोप. पुढे लस टोचणारी माणसे घरोघर, पाड्यापाड्यावर फिरली. 1975 साली भारतातला देवीचा शेवटचा देशी रुग्ण सापडला, 1977 साली देश देवीमुक्त ठरला आणि 1980 साली सारे जग. देऊळ जागेवर आहे, नवस चालू आहेत, रोग मात्र गेला. थंडीत जाणाऱ्या तान्ह्या पोरांबद्दल आपण अजून देवीच्या काळातलेच बोलतो. "हवा बाधली", "नजर लागली", "डबा झाला", "आयुष्यच तेवढे होते".

मी कृषी महाविद्यालयात शिकलेला माणूस. गोठ्यात थंडीच्या रात्री गाय व्याली तर काय करायचे ते मला तोंडपाठ होते. वासरू ओले राहू द्यायचे नाही. गाय चाटते, आपण वाळल्या गवताने, गोणपाटाने रगडून पुसायचे, कोरड्या जागी आईजवळ ठेवायचे आणि पहिल्या तासात चीक पाजायचा. वासराला जन्मल्याबरोबर अंघोळ घालणारा शेतकरी मी पाहिला नाही. आणि माझी थोरली मुलगी जानेवारीत जन्मली तेव्हा पहिल्या तासात तिला कोमट पाण्याने धुऊन, पावडर लावून, आईपासून वेगळे एका पाळण्यात ठेवले. मी बाहेर पेढे वाटत होतो. संध्याकाळी पोर दूध ओढेना, पाय बर्फासारखे. एका वयस्क परिचारिकेच्या लक्षात आले म्हणून निभावले. जे वासराबद्दल कळत होते ते लेकराबद्दल मला का सुचले नाही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

कारण सोपे आहे. तान्ह्याचे वजन कमी आणि त्या मानाने अंगाची कातडी जास्त. उष्णता भराभर निघून जाते. डोके मोठे, तिथूनही जाते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब तयार करणे त्याला जमत नाही. अडीच किलोच्या खालचे मूल असेल तर अंगात चरबीही नाही. गार पडलेले मूल आधी सुस्त होते, मग दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडते. ते रडतही नाही, म्हणून घरचे म्हणतात, पोर गुणी आहे, निजून राहते.

तपासायला यंत्र लागत नाही. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावा. दोन्ही ऊबदार तर ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार तर थंडी बाधायला लागली आहे. लगेच कपडे काढून आईच्या उघड्या छातीशी घ्या आणि वरून पांघरूण घाला. दोन्ही गार तर तसेच छातीशी धरून दवाखाना गाठा, 108 ला फोन करा. छातीशी धरण्याची ही रीत दवाखान्यांनी उचलली ती कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, 1978 च्या सुमारास. तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळे आयांच्या छातीशी बांधली आणि ती जगली. बाप, आजी, मावशी, कोणाचीही छाती चालते. पुरुषमंडळींनी इथे लाजू नये.

दुसरी गोष्ट श्वासाची. थंडीत पोरांना सर्दी-खोकला होणारच. प्रत्येक खोकला न्यूमोनिया नसतो आणि प्रत्येक खोकल्याला इंजेक्शन लागत नाही. पण न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 पासून हे काम गावातल्या माणसांना आणि निरक्षर दायांनाही शिकवले. मोजता न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी मण्यांचे साधे श्वासमापक बनवले. त्या कामाने बालमृत्यू कमी झाल्याचा लेख 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. ऊब, आईचे दूध, स्वच्छता आणि आजार वेळीच ओळखणे हा तिचा गाभा. 39 गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी उतरले. हे 1999 साली प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून देशभर आशाताईंच्या हाती आले. आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी आली पाहिजे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ती येत नसेल तर ग्रामसभेत विचारा. येत असेल तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका.

श्वास मोजायचा तो मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाजून घेत नसेल, तर मोजत बसू नका, निघा. बिब्ब्याचा चटका, पोटावर डाग, छातीला कापूर, वर्षाच्या आतल्या मुलाला मध, नाकात तेल, हे सगळे बंद. बंद खोलीत शेगडी ठेवणे तर आईबाळ दोघांच्या जिवावरचे. चुलीचा धूर न्यूमोनियाला आमंत्रण देतो. बाळंतिणीची बाज चुलीच्या खोलीत नको. पहिल्या सहा महिन्यांत आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने झाले की घरच्या ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, वर तेल किंवा शेंगदाण्याचे कूट घालून. पातळ आंबीलीने पोट भरते, बळ येत नाही. लसी वेळेवर. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकॉकल लस 2021 पासून आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा.

हे सगळे सांगून झाले तरी माझ्या मनातला खरा प्रश्न उरतोच. केळव्याच्या त्या आईला सकाळी नऊपर्यंत पोर छातीशी धरून पडायला वेळ होता. आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या बाईला आहे का?

मार्गशीर्षातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. सहा-साडेसहाला बायकांची टोळी निघते. ज्यांच्याकडे सांभाळायला कोणी नाही त्या लेकरू बरोबर घेतात. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, त्यात सहा महिन्यांचे पोर. खाली गवत दवाने भिजलेले, पऱ्हाटी भिजलेली, बाईचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. तशाच ओल्या पदराने ती पोराला पाजते. आणि पाजायला बसली की मजुरी बुडते, कारण वेचणी किलोवर आहे. तासाला जितका कापूस कमी तितके पैसे कमी. तिला आपण ऊब देण्याचे धडे काय देणार?

आता कापसाकडे बघा. ओला वेचलेला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, सरकी खराब होते. दव सुकल्यावर वेचा, हे मी कृषी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले, स्वतः शेकडो सभांत सांगितले. सीसीआय आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरते, त्यावर कपात करते आणि बाराच्या वर घेत नाही. म्हणजे पहाटेच्या वेचणीत शेतकऱ्याचा फायदा नाही. वजन थोडे वाढते ते काट्यावर कापले जाते. फायदा असलाच तर तो किलोवर वेचणाऱ्या बाईच्या चार पैशांचा, आणि ते चार पैसे ती पोराच्या छातीतून काढते. उशिरा सुरू करा म्हणालो तर तिचे दोन तास बुडतात. ते कोणी भरायचे? या प्रश्नाला बगल देऊन दव सुकू द्या म्हणणे हा ढोंगीपणा होईल. मी आजवर तो केला आहे.

पालघर जिल्ह्यातही, केळव्यापासून दूर डोंगरात, हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात उभा आहे. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. थंडीचे महिने लेकरे भट्टीशेजारच्या झोपडीत काढतात. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. पण त्याच मुलखात उपायाचाही एक धडा आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पोरे शाळेत येत नाहीत म्हणून रडत न बसता त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. देशात अंगणवाडी योजना 1975 साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पोर जिथे आहे तिथे सोय न्यायची, एवढेच आपल्याला त्यातून उचलायचे आहे. माझी सूचना अशी. वेचणीच्या अडीच-तीन महिन्यांत गावातल्या एका घराच्या ओसरीवर पाळणाघर. दोन सांभाळणाऱ्या, शक्यतो वेचणी न झेपणाऱ्या वयाच्या, पण पोरे वाढवलेल्या बाया. वारा न येणारी, धूर नसलेली जागा, गोधड्या, टोपडी, झोके. आई दिवसातून तीनदा पाजायला येईल, त्या वेळेची मजुरी कापायची नाही. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला किलोवर नव्हे, रोजाने घ्यायचे. खर्चाचा हिशोब करून पाहिला. आठ बायकांची टोळी, एकेकीचे दिवसाला चाळीस किलो धरले तर 320 किलो. शेतकऱ्याने किलोमागे एक रुपया पाळणाघराला दिला तर एका टोळीमागे 320 रुपये रोज. दोन टोळ्यांत दोन बायांचा रोज निघतो. सुरुवात दव सुकल्यावर करायची आणि बुडणाऱ्या वेळेपोटी किलोचा दर वाढवायचा. किती, ते प्रत्येक गावाने बायकांना समोर बसवून ठरवावे. कोरड्या कापसाची जी कपात वाचते तिच्यातून काही भरून निघेल, सगळे निघेलच असे मी म्हणत नाही.

एक रुपया आपण कोठून आणायचा, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. भाव मिळाला असता तर विचारावा लागला नसता, आणि ती लढाई चालूच आहे. सरकारने आपले कागद तरी पाळावेत. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, त्यात बाळंतिणीला किमान सहा हजार लिहिले आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजारच ठेवले, तेही हप्त्याहप्त्याने. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा जास्त लहान मुले असली तर सांभाळायला एक बाई नेमण्याचे बंधन घातले होते. किती कामांवर ती बाई तुम्ही पाहिली? सरकारी कामावर जे जमले नाही ते आपल्या शेतावर आपण करून दाखवावे आणि मग मागावे, असे मला वाटते. कोणाला उलट वाटत असेल तर बैठकीत बोलावे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. वेचणीला जाणाऱ्या किती बायांची लेकरे दोन वर्षांच्या आत आहेत, आणि ओसरी द्यायला कोण तयार आहे. आकडे बायकांकडून घ्यावेत, घरधन्याकडून नव्हे. आणि जमेल त्या गावाने एका मायबहिणीला बैठकीला आणावे. तिचे येण्याजाण्याचे भाडे जिल्हा शाखा देईल.