पॅचखालचे नाव

आपल्यापैकी अनेकांच्या रिपॉझिटरीत योगदानाच्या नियमांची एक फाइल असते आणि तीत एक ओळ असते: साइन-ऑफ करताना खरे नाव वापरा, टोपणनाव चालणार नाही. बहुतेकदा ही ओळ लिनक्स कर्नेलच्या नियमावलीतून उचललेली असते. पण कर्नेलने स्वतः ती फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलली. निनावी पॅच तिथे आजही घेत नाहीत. मात्र ज्या ओळखीने माणूस समुदायात परिचित आहे, ती ओळख पुरते. आपल्या फायलींत जुनी ओळ अजून राहिली असेल, तर ती काढून टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ओळ मुळात आली कुठून, हे आधी पाहू. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा तिचा आरोप होता. कर्नेलमधला कुठला तुकडा कुणाकडून आला, याची नीट नोंद असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. म्हणून २००४ मध्ये 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' आले. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहिणारा सांगतो, की हा कोड माझा आहे किंवा तो देण्याचा अधिकार मला आहे. गरज होती ती उद्या शंका आली तर विचारायला माणूस सापडावा, एवढीच.

ती गरज खऱ्या नावाच्या अटीने भागत नाही. गिट कमिटला 'एस' हा पर्याय जोडला, की कॉन्फिगमध्ये जे नाव भरलेले असेल ते मुकाट खाली उमटते. ते कोणी तपासत नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही. तपासले जाते ते फक्त नाव 'खऱ्यासारखे' दिसते का, एवढेच. एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन साधनाच्या प्रकरणात हेच अंगाशी आले. 'जिआ टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे नेटाने पॅच पाठवले, थकलेल्या मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. नाव आणि आडनाव, दोन्ही व्यवस्थित होते. मार्च २०२४ मध्ये हा चोरदरवाजा उघडकीस आला तो अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला म्हणून. नावाच्या नियमाचा त्यात काडीचा उपयोग झाला नाही.

उलट प्रामाणिक माणसे या अटीने अडतात. दक्षिणेतल्या कित्येकांना आडनावच नसते. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात, म्हणून ते न लावणारे आहेत. लग्नानंतर नाव बदललेल्या, किंवा घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचे नाव लावणाऱ्या मैत्रिणी आहेत. कोणी लिंगबदलानंतर नवे नाव घेतलेले असते. यांतले 'खरे' कोणते, हे मेंटेनरने कोणत्या अधिकाराने ठरवायचे? आणि एकदा लिहिलेले पुसता येत नाही. सर्टिफिकेटचे चौथे कलमच सांगते, की साइन-ऑफसह ही नोंद कायम राहील आणि तिचे पुनर्वितरण होऊ शकेल. तांत्रिकदृष्ट्याही तसेच आहे: लेखकाचे नाव कमिटच्या हॅशमध्ये मिसळलेले असते, ते बदलले तर पुढचे सगळे हॅश बदलतात. मेलमॅप फाइलने लॉगमध्ये नवे नाव दिसते, पण जुने मुळात तसेच राहते. मागावर असलेल्या माणसापासून लपून राहणाऱ्या मुलीला आपण असा कायमचा माग सोडायला लावतो, तेव्हा ही अट निव्वळ निष्काळजीपणाची ठरते.

कायद्याची भीती घालणाऱ्यांना एवढेच सांगतो: भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतींना कलम २३ खाली साठ वर्षांचे संरक्षण देतो. टोपणनाव घेतल्याने हक्क बुडत नाही. खरा धोका कलम १७ मध्ये आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पुण्यातल्या किंवा बंगळुरातल्या एखाद्या कंपनीतला मुलगा रात्री पॅच पाठवतो, तेव्हा त्याला आडनाव विचारण्याऐवजी कंपनीची परवानगी आहे का, हे विचारा. हा प्रश्न फार थोडे प्रकल्प विचारतात.

तेव्हा या महिन्यात नियमांची ती फाइल उघडा. 'खरे नाव' खोडून 'ज्या ओळखीने तुम्ही सातत्याने काम करता आणि जिच्यावर संपर्क होऊ शकतो ती' असे लिहा. नोकरदारांसाठी परवानगीची एक ओळ घाला. नव्या माणसाला कमिटचा अधिकार देण्यापूर्वी त्याचे आधीचे काम वाचा, त्याच्या रिलीजच्या टारबॉलमधल्या फायली रिपॉझिटरीशी जुळतात का ते पाहा. एक्सझेडचा चोरदरवाजा चालू करणारी ओळ टारबॉलमध्ये होती, रिपॉझिटरीत नव्हती.