कंगव्याची किंमत आणि कारीचे कागद

लंडनच्या सदबीज या लिलावसंस्थेत सप्टेंबर २०२३ मध्ये मिशा विंचरण्याचा चांदीचा एक छोटा कंगवा विक्रीस आला. त्याला चारशे ते सहाशे पौंड मिळतील, असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोली १ लाख ५२ हजार ४०० पौंडांवर, म्हणजे त्या वेळच्या दराने दीड कोटी रुपयांच्या पुढे गेली. कंगवा होता 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा. त्याचा पियानो सुमारे १७ लाख ४२ हजार पौंडांना, तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याचे हस्तलिखित सुमारे १३ लाख ७९ हजार पौंडांना विकले गेले. सहा लिलावांत मिळून जमलेली रक्कम जवळपास ४ कोटी पौंडांची होती. त्याआधी महिनाभर भरलेले या वस्तूंचे प्रदर्शन सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी पाहिले.

या आकड्यांकडे श्रीमंतांचे खूळ म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यातील अर्थव्यवहार समजून घेतला, तर त्याचा संबंध थेट सह्याद्रीच्या कुशीतील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांशी पोहोचतो. ज्या भूमीत इतिहासाची साधने घरोघरी आहेत, तेथे वस्तूची किंमत कशी ठरते आणि कशी नाहीशी होते, हा प्रश्न आज पूर्वी कधी नव्हता इतका निकडीचा झाला आहे.

वस्तूची वंशावळ

रॉक संगीताशी निगडित वस्तूंचा बाजार तसा जुना नाही. सदबीजने या प्रकारचा पहिला लिलाव लंडनमध्ये १९८१ मध्ये केला. चारच वर्षांनी जॉन लेननची रंगीबेरंगी रोल्स-रॉइस गाडी सुमारे २३ लाख डॉलरना गेली. २०२० मध्ये 'निर्व्हाना' बँडच्या कर्ट कोबेनची गिटार ६० लाख डॉलरच्या वर विकली गेली, तेव्हा तो गिटारसाठीचा जागतिक विक्रम ठरला. लाकूड आणि तारा यांचे हे मोल नव्हते. कोबेनने १९९३ मधील दूरचित्रवाणीच्या ज्या मैफलीत ती वाजवली, तिचे चित्रण उपलब्ध आहे. त्यामुळे ही तीच गिटार, याबद्दल शंकेला जागा उरत नाही.

फ्रेडीच्या कंगव्याचेही तसेच. १९९१ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याचे लंडनमधील घर आणि त्यातील चीजवस्तू त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्याकडे वारसाने आल्या. तिने त्या सुमारे तीन दशके जपल्या आणि थेट लिलावात आणल्या. वस्तू, तिचा मूळ धनी आणि आजचा विक्रेता यांच्यातील साखळीत एकही कडी तुटलेली नव्हती. ही वस्तूची वंशावळ होय. ती सिद्ध असेल तर कंगव्याला दीड कोटी मिळतात. ती हरवली तर तोच कंगवा चांदीच्या वजनावर विकला जातो. संग्राहकांच्या जगातील हा पहिला आणि शेवटचा नियम म्हणता येईल.

पाचगणीहून भोरकडे

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. आठव्या वर्षाच्या सुमारास आई-वडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड याच शाळेतला. त्याच्या बालपणाची एक वस्तू २०२३ च्या कितीतरी आधी लिलावात आली होती: नऊ ते बारा वर्षांच्या वयात त्याने जमवलेल्या टपाल तिकिटांचा अल्बम. वय पाहता हा काळ त्याच्या पाचगणीतील शालेय वर्षांचा. त्याच्या वडिलांनी तो १९९३ मध्ये लिलावात विकला आणि ब्रिटिश टपाल खात्याने तो घेतला. आज तो लंडनच्या टपाल संग्रहालयाच्या मालकीचा आहे. सार्वजनिक संस्थेने वेळीच हात पुढे केला, म्हणून एका मुलाचा छंद सर्वांना पाहता येण्याजोगा राहिला.

पाचगणीचा घाट उतरून वाईत आले आणि मांढरदेवीचा घाट ओलांडला, की भोर लागते. टपाल तिकिटांच्या जागतिक नकाशावर भोरचे स्वतःचे नाव आहे, हे भोरच्या बाहेर फार थोड्यांना ठाऊक असेल. पंतसचिवांच्या या संस्थानाने १८७९ मध्ये अर्धा आणा आणि एक आणा किमतीची स्वतःची तिकिटे काढली. किरमिजी रंगात, हातशिक्क्याने उठवलेली आणि कडेला छिद्रे नसलेली ही तिकिटे दिसायला अगदी साधी. पुढे १९०१ मध्ये राजे शंकरराव पंतसचिव यांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे लाल तिकीट निघाले. संस्थानाच्या हद्दीबाहेर या तिकिटांना चलन नव्हते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. तिकिटे मात्र जगभरच्या अल्बममध्ये आणि लिलावांच्या सूचींमध्ये टिकून राहिली.

येथेही वंशावळीचाच नियम लागू पडतो. संस्थानी टपालाच्या क्षेत्रात कोरी, न वापरलेली तिकिटे बहुधा मुबलक मिळतात. अनेक संस्थानांचे उरलेले साठे पुढे व्यापाऱ्यांकडे गेले. दुर्मीळ असते ते खरोखर टपालातून गेलेले पाकीट: तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता आणि गावाचे नाव एकत्र असलेले. जुन्या वाड्यातील पत्रांच्या गठ्ठ्यावरून कोणी हौसेने तिकिटे पाण्यात भिजवून सोडवली, तर तिकीट हाती राहते आणि मोल निघून जाते. उरलेले पाकीट रद्दीत जाते. त्याबरोबर कोणत्या गावातून कोणत्या गावाला, कधी आणि कशासाठी लिहिले गेले, याचा पुरावाही जातो.

बोली न लागलेला कागद

भोरच्या मातीतील सर्वांत मोलाच्या कागदांवर कधी बोली लागली नाही. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव. रोहिडखोऱ्याची देशमुखी या घराण्याकडे होती. या घराण्याच्या दप्तरातील जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये अभ्यासकांसमोर आणली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांच्या या त्रोटक नोंदींनी शिवकालाच्या कालगणनेला नवा आधार मिळाला. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असल्याचे त्यातून पुढे आले. तोवर बखरींच्या आधारे वैशाखातील तिथी आणि १६२७ हे साल रूढ होते. दीर्घ वादानंतर राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका खेड्यातील एका घराण्याने जपलेल्या कागदांचा हा परिणाम आहे.

हेच कागद एखाद्या व्यापाऱ्याने सुटे करून पानापानाने विकले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करावी. कारी हे गाव, जेधे हे घराणे आणि शकावलीतील नोंदी यांचा परस्परांशी असलेला संबंध हाच तिच्या विश्वासार्हतेचा कणा आहे. तो मोडला असता, तर उरल्या असत्या काही जुन्या ओळी, ज्यांच्या खरेपणाबद्दल कोणीही शंका घेऊ शकला असता.

या शंकेचे ताजे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याशी त्यांचा संबंध सांगितला जातो. तथापि अफझलखानाच्या भेटीत वापरली गेली ती हीच, याची खातरजमा करणे शक्य नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. याउलट नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये सदबीजच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. त्या तलवारीच्या पात्यावरच देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले आहे. ती आपली वंशावळ स्वतःच सांगते. सगळ्या वस्तू इतक्या भाग्यवान नसतात.

राजगडाची नवी कीर्ती

हा विषय आज निकडीचा होण्याचे कारण राजगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत वेल्हे तालुक्यातील राजगडाचा समावेश आहे. त्याआधी, २०२४ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय घेतला होता. या नावाला प्रशासकीय पूर्वपीठिकाही आहे. भोर संस्थानाचे जे पाच तालुके होते, त्यांत राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि विचित्रगड म्हणजे रोहिडा ही नावे होती.

कीर्तीमागोमाग बाजार येतो, हा जगाचा अनुभव आहे. फ्रेडी हयात नसताना त्याच्या कंगव्याला जी मागणी आली, ती त्याच्या नावाला होती. राजगडाचे नाव जगाच्या यादीत गेल्यावर 'राजगड परिसरातील' असे लेबल लावलेल्या नाण्यांना, शस्त्रांना आणि मोडी कागदांना गिऱ्हाईक वाढणे स्वाभाविक आहे. खऱ्या वस्तूंबरोबर बनावटही वाढतील. तोरण्याच्या दुरुस्तीत धन सापडले आणि ते राजगडाच्या उभारणीस लागले, ही परंपरेने चालत आलेली कथा या खोऱ्यात प्रत्येकाला पाठ आहे. गुप्तधनाचा मोह तिच्याबरोबर चालत आला आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. पुरावस्तूंच्या व्यापारालाही परवाना लागतो. पण कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम गावोगावी दिसतो. घरात तलवार किंवा जुने दप्तर आहे असे कळले, तर सरकार ते घेऊन जाईल, ही भीती लोकांच्या मनात घर करून आहे. मग वस्तू माळ्यावर जाते, कागदांना वाळवी लागते किंवा भंगारवाल्याला वजनावर माल दिला जातो. जप्तीच्या भयाने झाकलेली वस्तू चोरीला गेली, तरी ती आपली होती हे सिद्ध करण्यास एक छायाचित्रही नसते.

संग्राहक शत्रू नव्हे

अशा वेळी सगळा दोष संग्राहकाच्या माथी मारण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. पुण्याचे राजा केळकर संग्रहालय हे दिनकर केळकर यांच्या आयुष्यभराच्या संग्रहातून उभे राहिले. अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा ज्या वस्तूंना त्या काळी कोणी विचारत नव्हते, त्या त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या आणि अखेर राज्याच्या स्वाधीन केल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दप्तरे शोधत महाराष्ट्र पायी तुडवला. १८९८ पासून निघालेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड त्या भटकंतीचे फळ होय. बाजारात दाम मिळतो, या जाणिवेनेही अनेक वस्तू चुलीत जाण्यापासून वाचतात. फरक पडतो तो संग्राहक वस्तूबरोबर तिची नोंद घेतो की नाही, यावर. उगम लिहून ठेवणारा संग्राहक इतिहासाचा सेवक ठरतो. उगम पुसणारा व्यापारी वस्तू वाचवूनही तिचा आवाज बंद करतो.

म्हणून भोर आणि वेल्ह्यात बाजार पोहोचण्यापूर्वी नोंद पोहोचली पाहिजे. त्यासाठी कोट्यवधींची गरज नाही. घराघरांतील दप्तरे, शस्त्रे, नाणी, देव्हाऱ्यातील मूर्ती, संस्थानी पत्रे आणि तिकिटे यांची छायाचित्रांसह सूची तयार करणे, कागद कोणत्या घराचा आणि वस्तू कोणत्या गावची हे जागेवरच लिहून घेणे आणि मालकी त्या कुटुंबाकडेच राहील याची लेखी हमी देणे, इतक्या तीन गोष्टींनी मोठा पल्ला गाठता येईल. मोडी वाचणारे अभ्यासक पुण्यात आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तालुक्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम करू शकतात. भोरचा राजवाडा आज चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे अधिक ओळखला जातो. संस्थानाच्या तिकिटांचा आणि कागदांचा एखादा कायमस्वरूपी संग्रह भोरच्या गावात दिसला, तर त्या ओळखीला वजन येईल.

ज्यांना विकायचे आहे, त्यांनाही या नोंदीचा लाभच आहे. ज्याची वंशावळ सिद्ध आहे त्यालाच दाम मिळतो, हे लंडनच्या कंगव्याने दाखवले. आणि ज्यांना विकायचे नाही, त्यांच्या नातवंडांना आपल्या घरात काय होते हे निदान कळेल. राजगडाच्या तटबंदीची देखरेख करणारे आता पुष्कळ आहेत. त्याच्या पायथ्याच्या घरांतील पेट्यांची दखल घेणारे कोणी असावे, ही अपेक्षा त्या दर्जाबरोबरच आली आहे. ती पुरी करण्यास जितका उशीर होईल, तितक्या पेट्या रिकाम्या होत जातील.