बाटलीआधी टाकीतलं पाणी काढा

चाकावरचं जग / सारथी

पिकअपचं ॲव्हरेज लिटरमागे एका किलोमीटरने घटलं की मालकाची झोप उडते. त्यात भरली गाडी घाटात ओढेना, सकाळी स्टार्टर मारताच पांढरा धूर फेकू लागली, की सल्ला द्यायला सगळेच पुढे. स्पेअर पार्टवाला कपाटातून एक बाटली काढतो, पंपावरचा पोऱ्या दुसरी सुचवतो आणि ढाब्यावरचा जुना ड्रायव्हर सांगतो, ‘अरे, थोडं टू-टी ऑइल टाक, नोजल मऊ चालतील.’ हल्ली अमेरिकी बाटल्याही घरपोच मिळतात. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात धावणाऱ्या बहुतेक डिझेल पिकअपना यातल्या एकाही बाटलीची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांना ती एका नेमक्या कामापुरती आहे.

बाटलीवर साधारण तीन दावे असतात: सीटेन वाढतो, पंपाला वंगण मिळतं, थंडीत डिझेल गोठत नाही. तिन्ही खरे असू शकतात, पण कुठे, ते बघा. फवारलेलं डिझेल किती चटकन पेट घेतं, याचं माप म्हणजे सीटेन. अमेरिकेत त्याची किमान मर्यादा ४० आहे, आपल्याकडे ५१. वंगणाच्या चाचणीत धातूवर पडणारा घासल्याचा व्रण तिथे ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, इथे ४६० च्या वर चालत नाही. म्हणजे तिथल्या डिझेलात जे उणं आहे ते भरून काढणारी बाटली आपण इथे विकत घेतो. गोठण्याचं म्हणाल, तर लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तिथे त्याची गरजच होती. लासलगाव-वाशी फेऱ्या मारणाऱ्या कांद्याच्या गाडीला ती नाही.

वंगणाचा मुद्दा मात्र मुळात खोटा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेलातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरलं. रिफायनरीत गंधक काढताना डिझेलाला अंगचं वंगण देणारे काही घटकही निघून जातात आणि हाय प्रेशर पंपाला तर डिझेलाशिवाय दुसरं वंगणच नसतं. म्हणून ती उणीव भरणारं रसायन डिझेल पंपावर पोचण्याआधीच त्यात घातलेलं असतं. आपण टाकी भरतो तेव्हा ॲडिटिव्हचे पैसे एकदा दिलेलेच असतात.

मग पंप आणि इंजेक्टर जातात कशाने? आपल्याकडे मुख्य संशयित दोन: पाणी आणि भेसळ.

पाणी आधी घेऊ. मार्च ते मे देवगड-रत्नागिरीचा हापूस वाशीला नेणाऱ्या कितीतरी गाड्या पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी अंगणात उभ्या राहतात. टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार पडली की पत्र्याला पाणी सुटतं आणि तळाशी बसतं. ते बघायला स्कॅनर लागत नाही. इंजिन बंद करून डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन नट सैल करा आणि निघेल ते काचेच्या ग्लासात धरा. ग्लास थोडा वेळ हलवू नका. पाणी असेल तर ते खाली बसतं, वर पिवळसर डिझेल, मध्ये स्वच्छ रेघ. त्या रेघेवर काळपट, बुळबुळीत साय दिसली तर टाकीत जिवाणू-बुरशीची वस्ती झाली आहे, असं समजा. मग टाकी उतरवून धुणं आलं.

इथे चुकीची बाटली घात करते. काही रसायनं पाणी डिझेलात कालवून इंजिनातून पार करतात, त्यांना इमल्सिफायर म्हणतात. कॉमन रेल इंजिनात डिझेलाचा दाब सोळाशे बार आणि त्याहून वर जातो, तिथल्या नोजलच्या बारीक भोकांतून पाणी जाणं म्हणजे इंजेक्टरच्या खर्चाला आमंत्रण. उलट डीमल्सिफायर पाणी वेगळं पाडून खाली बसवतं, म्हणजे ते ड्रेनमधून काढता येतं. घ्यायचीच झाली तर दुसऱ्या जातीची घ्या. लेबलवर जात लिहिली नसेल तर बाटली परत करा.

भेसळीला तर बाटलीत उतारच नाही. रॉकेल मिसळलं की डिझेलाचं वंगण घटतं आणि पंप आतून ओरखडत जातो. हा धंदा किती माजला होता, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. ग्राहकाच्या हाती एक साधं हत्यार आहे: पंपावर घनता तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे. १५ अंशांच्या हिशोबाने काढलेली घनता टँकरबरोबर आलेल्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त हलली, तर डिझेल संशयास्पद. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’च्या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या कॅनच्या तर वाटेलाच जाऊ नका.

मग बाटली कुणाला? इंजेक्टरच्या टोकावर काजळी धरून फवारा बिघडला असेल, तर चांगलं डिटर्जंट ती सोडवू शकतं. गेलेली ताकद काही अंशी परत येते, गाडीत नसलेली ताकद येत नाही. झिजलेलं नोजल कुठलंही रसायन भरून काढत नाही. म्हणून आधी प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजून घ्या. आणि बीएस-६ गाडीत राख सोडणारं काहीही ओतू नका. टू-टी ऑइल आणि धातूयुक्त ॲडिटिव्हची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

पैशांचा हिशोबही करू. डिझेल ९० रुपये लिटर आणि टाकी ६० लिटरची धरली तर एक भरणा ५,४०० रुपयांचा. त्यात ४०० रुपयांची बाटली ओतली की खर्च सात टक्क्यांहून जास्त वाढला. तेरा किलोमीटर देणाऱ्या गाडीने जवळजवळ चौदा दिले, तरच बाटलीचे पैसे सुटतात. एवढी वाढ टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघूनही कधी कधी मिळते, आणि त्याला चारशे रुपये पडत नाहीत.

बाटल्या विकणाऱ्यांनी निदान एवढं करावं: इमल्सिफायर की डीमल्सिफायर, राख सोडणारं की नाही, हे लेबलवर ठसठशीत मराठीत छापावं. तोवर तुमचा क्रम ठरलेला असू द्या. पाणी काढा, फिल्टर वेळेवर बदला, जिथे खप मोठा आणि हिशोब चोख अशा पंपावर भरा, गाडीचं मॅन्युअल उघडून कंपनी काय म्हणते ते वाचा. एवढं करूनही तक्रार उरली, तर डिटर्जंटची एक बाटली वापरून बघा. तिनेही भागलं नाही, तर दुसरी घेऊ नका. गाडी मेकॅनिककडे न्या.