आधी लॉगबुक, मग गाडी

परवा गाणगापूरला जाऊन आलो. गोव्यातल्या दत्तभक्तांना हा रस्ता नवा नाही. बेळगाव, विजापूर, अफझलपूर करत चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. या वेळी मेव्हण्याच्या नव्या विजेच्या गाडीतून गेलो. वाटेत गाडी दोनदा ‘जेवायला’ थांबली, तेव्हा आम्हीही जेवून घेतले! भीमा-अमरजा संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, सगळे यथासांग झाले. संगमावर औदुंबराखाली बसलो असता मेव्हणा म्हणाला, "भावोजी, तुमचं सरकारही आता विजेच्याच गाड्या घेणार ना? म्हणजे पेट्रोलचा खर्च वाचला!"

मी सरकारी कारकून. गाड्यांची लॉगबुके आणि पेट्रोलची बिले तपासण्यात उमेदीची वर्षे गेली. म्हटले, "वाचला की नाही ते गाडी सांगणार नाही. लॉगबुक सांगेल."

जानेवारी 2024 पासून नवी सरकारी वाहने विजेचीच घेणार, असे गोवा सरकारने 2023 मध्ये जाहीर केले होते. महाराष्ट्राने तोच निर्णय 1 जानेवारी 2022 पासून लागू केला. त्यातच 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम आला. म्हणजे जुन्या गाड्या मोडीत काढून नव्या घेणे कित्येक खात्यांना भागच आहे.

आता साधा हिशेब मांडू. विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा चार लाखांनी महाग आहे असे धरा. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि लिटरला पंधरा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या वर. वीज आठ रुपये युनिट आणि युनिटला सात किलोमीटर, म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. किलोमीटरमागे साधारण साडेपाच रुपये वाचले. तरी चार लाख भरून निघायला सत्तर हजारांवर किलोमीटर धावावे लागते. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणारी तपासणीची गाडी वर्षाच्या अडीचशे दिवसांत पंचवीस हजार धावते. तिचे पैसे तीन वर्षांत वसूल. पण साहेबांना घरून आणून दिवसभर कार्यालयासमोर सावलीत उभी राहणारी गाडी? चाळीस किलोमीटरच्या हिशेबाने तिला सात वर्षे लागतात. बॅटरीची हमी तर बहुधा आठच वर्षांची असते! पुढची बॅटरी कुठल्या अर्थसंकल्पातून येणार, हे आज कोणी लिहून ठेवत नाही.

शिवाय चार्जर बसवायचा, विजेचा मंजूर भार वाढवायचा. कार्यालय भाड्याच्या इमारतीत असेल तर घरमालकाची परवानगी. पेट्रोलचा खर्च एका शीर्षाखाली कमी दिसतो आणि विजेचे बिल दुसऱ्याच शीर्षाखाली फुगते. दोन्हींची बेरीज कोणी करतच नाही.

2017 सालचा अनुभव विसरू नये. केंद्राच्या ‘ईईएसएल’ कंपनीने दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली होती. पुढच्याच वर्षी अधिकाऱ्यांची तक्रार आली की गाडी एका चार्जमध्ये ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरच जाते. आजच्या गाड्या कितीतरी चांगल्या आहेत. पणजीहून काणकोणला जाऊन येणे, म्हणजे जवळजवळ दीडशे किलोमीटर, त्यांना सहज जमते. तेव्हा माझा विरोध विजेच्या गाडीला नाही. धूर कमी झाला तर मलाही हवाच आहे. विरोध आहे तो न मोजता घेण्याला.

प्रत्येक खात्याने मागच्या तीन वर्षांची लॉगबुके काढावीत. जास्त धावणाऱ्या गाड्या आधी बदलाव्यात. कमी धावणाऱ्या गाड्या दोन-तीन खात्यांनी मिळून एक वापरावी. सगळ्यात स्वस्त गाडी म्हणजे जी घ्यावीच लागली नाही ती.

गाणगापुरात दुपारी माधुकरी मागतात. पाच घरे फिरायची, मिळेल ते झोळीत घ्यायचे, गरजेपुरतेच घ्यायचे. त्या दिवशी झोळी घेऊन उभा असताना एका म्हातारीने अर्धी भाकरी घातली आणि हात जोडले. सरकारी तिजोरीतला पैसाही असाच घराघरांतून आलेला असतो. झोळी आपल्या हाती आहे म्हणून ती आपली होत नाही.

तुम्हाला काय वाटते?