चिठ्ठीआडचा हात

सरावलीच्या ज्या चाळींतून तारापूरच्या कारखान्यांतील कामगारांची कुटुंबे राहतात, तेथे भिशी हीच गरिबांची बँक आहे. वीस सभासद, दरमहा प्रत्येकी दोन हजार, आणि चाळीस हजारांची रक्कम कोणाला, हे ठरविणार चिठ्ठी. काही वर्षांपूर्वी अशाच एका भिशीत पहिल्या तिन्ही पाळ्या चालकाच्या घरच्याच तीन सभासदांना लागल्या. मुलीच्या प्रवेशासाठी पैसे हवे असलेली एक माउली आमच्याकडे रडत आली. चिठ्ठ्या चालकाने घरूनच घड्या घालून आणल्या होत्या. त्या कोणी मोजल्या नव्हत्या, उघडून पाहिल्या नव्हत्या. विचारले तेव्हा उत्तर तयार होते : “फादर, देवाची मर्जी!” मुलीचे वर्ष वाया गेले.

हे उत्तर आम्हांला मान्य नाही. विसांतून नेमके तेच तिघे पहिल्या तीन पाळ्यांत येण्याचा संभव ११४० त १ एवढाच. त्याने चोरी सिद्ध होत नाही. पण चौकशीचा हक्क निश्चितच सिद्ध होतो. चौकशी टाळण्यासाठी परमेश्वराचे नाव पुढे करणे हा तर दुसऱ्या आज्ञेचा भंग होय.

कोणी म्हणेल, प्रेषितांनीही मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली. खरे आहे, पण ती सर्वांसमक्ष, प्रार्थनापूर्वक आणि दोन योग्य माणसे आधी ठरवून. वधस्तंभाखाली शिपायांनीही ख्रिस्ताच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकल्याच होत्या. चिठ्ठी स्वतः पवित्रही नसते आणि अपवित्रही नसते. तिच्यामागील हात तसा असतो.

केवळ हेतू शुद्ध असूनही भागत नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांचा भरतीक्रम ३६६ जन्मतारखांच्या डब्या काढून ठरविण्यात आला. डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि त्या पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाअखेरीस जन्मलेल्यांच्या तारखा अधिक प्रमाणात लवकर निघाल्या. आळसाची किंमत कोणाच्या तरी मुलाने मोजली.

आता तरुण मंडळी म्हणतात, “फादर, मोबाइलवर चक्र फिरवू, म्हणजे वादच नको.” वाद मिटत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. पुष्कळ यंत्रे एका आरंभीच्या अंकापासून सूत्राने पुढचे अंक काढतात. ज्याला सूत्र आणि आरंभ ठाऊक, त्याला निकालही ठाऊक. अमेरिकेतील लॉटरी संघटनेचा सुरक्षाप्रमुख एडी टिप्टन याने यंत्राच्या आज्ञावलीतच चोरवाट ठेवली होती. २०१० सालच्या आयोवातील बक्षिसावरून तो सापडला आणि २०१७ साली त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. फोनमध्ये सुरक्षित अंक काढण्याची सोय असते; परंतु पडद्यावरचे चक्र ती वापरते की नाही, हे बघ्यांना कसे कळावे? आणि मनासारखे नाव येईपर्यंत चक्र पुन्हा फिरविणाऱ्या अंगठ्याला कोण आवरणार?

आमच्या शेजारीच १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. किरणोत्सारी पदार्थातील पुढचा कोणता अणू फुटेल, हे थोर शास्त्रज्ञालाही सांगता येत नाही. शुद्ध योगायोग सृष्टीत आहे. तो लबाड हातात मात्र नसतो.

म्हणून आमचा आग्रह आहे : चिठ्ठ्या एका आकाराच्या असोत, सर्वांसमक्ष वाचून, मोजून घड्या घातलेल्या असोत, नीट ढवळून, ज्याचा त्यात काही लाभ नाही अशाने काढलेल्या असोत. याहून सोपा उपायही आहे. वीस जणांना १ ते २० क्रमांक द्यावेत. प्रत्येकाने गुपचूप ० ते १९ पैकी एक अंक लिहावा व सर्वांनी कागद एकदमच उघडावेत. बेरजेला विसाने भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाची पाळी. बाकी शून्य असेल तर विसाव्याची. पुढच्या महिन्यात एकोणीस जण, एकोणिसाने भागाकार. एकाने जरी आपला अंक खरोखर यदृच्छेने लिहिला आणि गुप्त राखला, तरी बाकीच्यांचे संगनमत निष्फळ ठरते.

भिशीत असो वा सणाच्या हाऊजीत, हे मागणाऱ्याला ‘संशयी’ म्हणून गप्प बसवू नका. जो प्रामाणिक आहे, त्याला चिठ्ठ्या मोजून दाखविण्यात कमीपणा कसला? आधी हात उघडे दाखवा. देवाची मर्जी मग बोला.