किल्ली शेजाऱ्याकडे

परवा रेवदंड्याहून काकांचा फोन. "अरे, मोबाइल रात्री ठीक होता, सकाळी बघतो तर बैलगाडी झालीय त्याची!" रात्री आपोआप अपडेट झालं होतं. भाच्याने लगेच फतवा काढला, "अपडेट कायमचं बंद करून टाका."

मंडळी, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक ओलीस धरले. ज्या भोकातून तो शिरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही, ते सापडले.

मग डोळे मिटून सगळं घ्यायचं? तेही नाही. २७ जून २०१७ ला आपल्याच उरणजवळ, न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या त्यांच्या जाळ्यात आला तो युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी अपडेट पाठवणारी यंत्रणाच ताब्यात घेतली होती. मर्स्कला सावरता आलं ते घानातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो वाचला. (लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आणि १९ जुलै २०२४ ला तर चोरसुद्धा नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

गावचं घर बंद असताना आपण किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो. पावसात कौल सरकलं तर त्याने न विचारता नीट करावं, आपण आभारच मानू. पण म्हणून त्याने माजघरात स्वतःचं कपाट आणून ठेवायचं नाही, आणि किल्ली खुंटीला टांगून बाजाराला जायचं नाही.

कंपन्या नेमकं हेच करतात. सुरक्षेच्या पॅचसोबत नको असलेली सजावट गळ्यात मारतात आणि जुना फोन धापा टाकू लागला की नवा घ्या म्हणतात. ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन अपडेटमधून मंद केल्याचं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, हे कारण. असेलही खरं! पण २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड लावला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

मागणी साधी आहे. सुरक्षेचे पॅच वेगळे द्या, आधी थोड्या यंत्रांवर तपासून मग सगळीकडे पाठवा. बाकीचं विचारून, मराठीत सांगून, आणि मागे फिरायची वाट ठेवून.

काकांना म्हटलं, अपडेट चालूच ठेवा. ते म्हणाले, "ठेवतो रे. पण घर कुणाचं?"