विजेच्या बोटांनी फिरणारा रेडिओ

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांच्या घरांत रेडिओचे बटण रात्री फार सावकाश फिरे. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोचतात; म्हणूनच मुंबई-पुण्याचे शब्द खरखरीतून आमच्या हाती लागत. त्या खरखरीलाही संगीतात स्थान आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९५१ साली एका रचनेसाठी १२ रेडिओ २४ वादकांच्या हाती दिले होते.

पुढे १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी विद्युत्-दाबाने स्वर बदलणारा सिंथेसायझर सिद्ध केला. अशा वाद्याला रेडिओ जोडावयाचा, तर बटण फिरविण्याचे कामही दाबानेच केले पाहिजे. त्यासाठी बॅटरीवरील जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये गँग कंडेन्सरच्या दोन्ही भागांऐवजी ‘व्हॅरिकॅप’ डायोड बसवितात. डायोडवरील उलटा दाब वाढला की त्याची धारिता घटते आणि रेडिओ वरच्या कंप्रतेची केंद्रे पकडू लागतो. कंप्रता तिप्पट व्हावयाची तर धारिता एक-नवमांशावर यावी लागते. यास्तव मध्यम लहरींसाठीच बनविलेले डायोड निवडावेत. दाब मोठ्या रोधातून द्यावा, म्हणजे त्या वाटेने लहरी गळत नाहीत.

मात्र अनेक देशांत मध्यम लहरींची केंद्रे बंद होत आहेत. उद्या यंत्र अचूक फिरेल, पण थांबावे असा आवाजच उरणार नाही. घरातील तरुणांनी हा खटाटोप आजच करावा आणि तो फिरता दाब एकदा तरी मराठी शब्दापाशी थांबवावा, एवढेच आमचे मागणे आहे.